राखाडी रकान्याची किल्ली कुणाकडे?

प्रवेशाचे दिवस असोत की स्कॉलरशिपचे, ऑनलाइन फॉर्मचं पहिलं पान आजकाल आपोआप भरतं. आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी टाकायचा, की नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता असे रकाने भराभर भरून समोर येतात. टायपिंग वाचलं म्हणून बरं वाटतं. मग तुम्ही नीट बघता. आडनावात एक अक्षर जास्त आहे. किंवा वडिलांचं नाव अर्धंच आलंय. दुरुस्त करायला तुम्ही त्या रकान्यावर क्लिक करता आणि काहीच होत नाही. रकाना राखाडी आहे. दिसतो, वाचता येतो, पण त्यातली एक वेलांटीसुद्धा हलवता येत नाही.

आणि त्याच फॉर्मच्या शेवटी तुम्हाला एका चौकोनात टिक करायची असते : ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. ती खोटी आढळल्यास मी जबाबदार राहीन.’

जरा विचार करा. जी माहिती तुम्ही लिहिली नाही, जी तुम्हाला बदलता येत नाही, तिची जबाबदारी मात्र तुमची. टिक केली तर चुकीच्या माहितीवर सही, नाही केली तर फॉर्म पुढे जात नाही. मुदत तर उद्या रात्री बारापर्यंतच. असा राखाडी रकाना तुम्ही नक्की पाहिला असणार. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये, परीक्षेच्या, हॉस्टेलच्या, बँकेच्या, एसटीच्या पासच्या. त्याच्याबद्दल आपण कुरकुरतो, पण त्यावर बोलत नाही. आज बोलू या.

कुलूप हवंच

आधी एक गोष्ट मान्य करू. काही रकाने बंद असायलाच हवेत. सीईटीचं पर्सेंटाइल ज्याचं त्यानं टाइप करायचं ठरवलं, तर मेरिट लिस्टला काय अर्थ राहील? बारावीचे गुण बोर्डाकडून थेट आले, की ते बदलण्याचा मोह आणि बदलल्याचा संशय, दोन्ही संपतात. आपल्या आई-बाबांच्या काळात प्रत्येक झेरॉक्सवर कुणा राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवायला दारोदार फिरावं लागे. आज डिजिलॉकरमधली गुणपत्रिका मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरली जाते. ती तशी धरता येते, कारण ती आपल्याला खोडता येत नाही. बंद रकाना म्हणजे एका अर्थी ‘ही माहिती आम्ही तपासलेली आहे, तुम्हाला पुन्हा सिद्ध करायची गरज नाही’ असा दिलासा आहे.

म्हणून आमची तक्रार कुलपाबद्दल नाही. कुलूप लावून काहीही न सांगता निघून जाण्याबद्दल आहे. ही माहिती कुठून आली, ती का बंद आहे आणि चुकीची असेल तर कुणाकडे जायचं, या तीन प्रश्नांची उत्तरं त्या रकान्याखाली नसतील, तर तो दिलासा राहत नाही. ती अडवणूक होते.

नाव एक, नोंदी तीन

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाच्या रकान्यात. आपल्याकडे नाव सांगायची पद्धत आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर मात्र आडनाव आधी येतं आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधार कार्डावर काहींचं नाव तिन्ही भागांसह असतं, काहींचं फक्त नाव आणि आडनाव. बँकेच्या पासबुकात मधल्या नावाचं एकच आद्याक्षर. माणूस एकच, पण यंत्राच्या नजरेत तिघं वेगळे.

त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. ‘क्ष’ कुणी ‘एक्स’नं लिहितं, कुणी ‘के-एस-एच’नं. ‘श्री’ला कुणी एक ‘आय’ लावतं, कुणी दोन ‘ई’. देवनागरीत जे नाव अचूक आहे, त्याची इंग्रजीत चार रूपं होतात आणि चारही बरोबर असतात. पण दोन रकाने एकमेकांशी जुळवून बघणाऱ्या संगणकाला हे माहीत नसतं. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून येणारी शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे नावाची ही चार रूपं कुठे ना कुठे एकमेकांसमोर उभी राहणारच.

पुढच्या पिढीसाठी यात आणखी एक वळण आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला. निर्णय चांगलाच आहे. पण ज्या फॉर्ममध्ये नावाचे तीनच रकाने आहेत आणि तिन्ही बंद आहेत, तिथे आईचं नाव बसणार कुठे, हे कुणीतरी आत्ताच ठरवायला हवं. आणि ज्यांना आडनावच नाही किंवा जे ते मुद्दाम लावत नाहीत, त्यांच्या रकान्यात एखादं टिंब किंवा तेच नाव दोनदा येऊन बसतं, ते वेगळंच.

एक जूनचे वाढदिवस

जन्मतारखेची गोष्ट तर आपल्या घरातलीच आहे. आजोबांच्या पिढीतल्या लोकांचे कागदोपत्री वाढदिवस विचारून बघा. कितीतरी जणांचा १ जून निघेल. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या मुलांनी ठरवून जन्म घेतला नव्हता. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसे, मग गुरुजी शाळेच्या हिशेबाला सोयीची तारीख लिहून टाकत. गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली ती तारीख पुढे दाखल्यावर, नोकरीच्या सेवापुस्तकात, पेन्शनच्या कागदावर गेली आणि पक्की झाली. फरक इतकाच, की गावातल्या सगळ्यांना ती अंदाजाची आहे हे माहीत होतं.

राखाडी रकान्यात नेमकी हीच माहिती पुसली जाते. आधारच्या नोंदणीतच जन्मतारीख पुराव्यानं ‘पडताळलेली’ आहे की नुसती ‘सांगितलेली’ आहे, असा भेद केलेला असतो. पण तीच तारीख दुसऱ्या फॉर्ममध्ये आपोआप येऊन बसते, तेव्हा हा भेद सोबत दिसत नाही. दिसतो तो फक्त राखाडी रंग, आणि तो पाहून प्रत्येकाला वाटतं, बंद आहे म्हणजे खरीच असणार. प्रत्यक्षात आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं खुद्द आधार प्राधिकरणानं डिसेंबर २०२३ च्या परिपत्रकात म्हटलंय. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेनं जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख धरली. न्यायालयात जी तारीख पुरेशी ठरत नाही, ती फॉर्ममध्ये कुलूपबंद सत्य म्हणून येत असेल, तर विद्यार्थ्यानं दाद कुठे मागायची?

दोन घड्याळं

‘चुकलंय तर मूळ ठिकाणी जाऊन दुरुस्त करा,’ असं मदत केंद्रावरचा माणूस सांगतो. त्याचं चूक नाही. त्याच्या स्क्रीनवरही तो रकाना बंदच असतो. पण मूळ ठिकाण म्हणजे नक्की कुठलं? आधारमधलं नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं, जन्मतारीख आणि लिंग एकेकदाच. त्यापुढे प्रादेशिक कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. म्हणजे घाईघाईत एखाद्या फॉर्मला जुळवायला म्हणून आधार बदललं आणि नंतर दुसऱ्या कागदाशी ते विसंगत निघालं, तर एक संधी वाया गेली. गुणपत्रिकेवरचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरवरून आलेलं असतं. शाळा सोडल्यानंतर त्या रजिस्टरमधली नोंद मुख्याध्यापक स्वतःच्या अखत्यारीत बदलू शकत नाहीत, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मग बोर्डाकडे अर्ज. लग्नानंतर किंवा इतर कारणानं नाव बदललं असेल, तर राजपत्रात प्रसिद्धी.

या प्रत्येक पायरीला कारण आहे. पण त्यांचं घड्याळ वेगळं आणि फॉर्मचं घड्याळ वेगळं. दुरुस्तीला आठवडे लागतात. फॉर्मची मुदत दिवसांत संपते. मधल्या फटीत पडतो तो विद्यार्थी. ज्याच्या घरी कुणी सरकारी नोकरीत आहे, शहरात ओळखी आहेत, तो मार्ग काढतो. ज्याचे आई-वडील ऊसतोडीला बाहेर आहेत, ज्याचं आधार केंद्र तालुक्याला आहे आणि ज्याला त्यासाठी दिवसाचा रोज बुडवावा लागतो, त्याचं वर्ष जातं. राखाडी रकाना सगळ्यांना सारखाच दिसतो. त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार मोबाइल नंबरचा. नंबर बंद रकान्यात आहे. तो बदलायचा तर ओटीपी लागतो. ओटीपी जातो जुन्या नंबरवर, आणि ते सिमकार्ड बंद होऊन वर्ष झालेलं असतं. कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच ठेवली, तर याहून वेगळं काय होणार?

जे उद्या फॉर्म बनवणार आहेत त्यांच्यासाठी

तुमच्यातले कितीतरी जण बीसीए, बीएस्सी आयटी, इंजिनीअरिंग करताय. उद्या हे फॉर्म तुम्हीच बनवणार आहात. कॉलेजच्या फेस्टिव्हलची नोंदणी, लायब्ररीचं पोर्टल यांतून सुरुवात झालीही असेल. म्हणून थोडं तांत्रिक.

वेबपेजवर रकाना बंद करायचे दोन सोपे मार्ग असतात : ‘रीडओन्ली’ आणि ‘डिसेबल्ड’. वरवर दोन्ही सारखेच वाटतात, पण तसे ते नाहीत. रीडओन्ली रकान्यात कर्सर जातो, मजकूर निवडून कॉपी करता येतो आणि फॉर्म सबमिट केल्यावर ती माहितीही सोबत जाते. डिसेबल्ड रकाना मात्र फॉर्मच्या हिशेबात नसल्यासारखाच असतो. त्यातली माहिती सबमिट होत नाही आणि टॅब दाबत पुढे जाणाऱ्याला तो लागतच नाही. आता स्क्रीन रीडरवर ऐकत ऐकत फॉर्म भरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याचा विचार करा. तो टॅब दाबत जातो आणि नावाचा रकाना न ऐकताच पुढे निघून जातो. आपलं नाव चुकीचं आलंय हे त्याला कळायची सोयच नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. वेबवर मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उठाव असावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. पण वापरात नसलेल्या घटकांना त्यातून सूट मिळते. परिणाम असा, की ज्या रकान्यातली माहिती सगळ्यात बारकाईनं तपासायला हवी, तोच सगळ्यात फिकट दिसतो. उन्हात, तडा गेलेल्या मोबाइल स्क्रीनवर तर तो वाचताच येत नाही. बरेच जण खुलासा म्हणून माउस नेल्यावर उमटणारी छोटी चौकट ठेवतात. मोबाइलवर माउस कुठून आणायचा?

तिसरी गोष्ट सुरक्षेची. ब्राउझरमध्ये ‘इन्स्पेक्ट’ उघडून ही दोन्ही बंधनं काढून टाकता येतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही ते जमतं. त्यामुळे खरी तपासणी सर्व्हरवर, मूळ नोंदीशी ताडूनच व्हायला हवी. तिथे ती होत नसेल, तर राखाडी रंगानं लबाड माणूस अडत नाही. अडतो तो प्रामाणिक माणूस, ज्याला फक्त एक अक्षर दुरुस्त करायचं होतं.

मग करायचं काय? बहुतेक वेळा सोपं उत्तर आहे : जे बदलता येत नाही त्याला रकान्याचं रूप देऊच नका. चौकट दिसली की माणसाला वाटतं, इथे लिहायचंय. त्याऐवजी ती माहिती साध्या, ठळक, काळ्या मजकुरात छापा. ब्रिटनच्या सरकारी सेवांच्या रचनेत सबमिट करण्याआधी ‘तुमची उत्तरं तपासा’ असं एक पान असतं. त्यावर प्रत्येक उत्तर साध्या मजकुरात दिसतं आणि जे बदलता येतं त्याच्याच शेजारी ‘बदला’ अशी लिंक असते. काय हातात आहे आणि काय नाही, हे एका नजरेत कळतं.

धडा सातबाऱ्यावरच आहे

पण यासाठी ब्रिटनपर्यंत जायचीही गरज नाही. तुमच्या घरी शेती असेल तर सातबारा काढून बघा. सातबारा हाही दिसणारा पण आपल्याला बदलता न येणारा कागदच आहे. त्यावर शेतकऱ्यानं पेनानं काही लिहून चालत नाही. पण त्यावरच्या नावांच्या नोंदींशेजारी फेरफार क्रमांक असतो. हे नाव इथे कसं आलं, वारसानं की खरेदीनं, ते त्या क्रमांकावरून गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, शोधता येतं. नोंद मंजूर होण्याआधी संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. आणि लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, कलम १५५ आहे.

सातबाऱ्याच्या व्यवहारात सगळं सुरळीत चालतं असं कुणी म्हणणार नाही. तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या आपल्या घरच्यांनीही मारल्यात. पण कागदाची रचना बघा. नोंद बंद आहे, तरी ती कुठून आली ते सांगते आणि हरकतीचा रस्ता उघडा ठेवते. कागदावर जे जमलं, ते स्क्रीनवर का जमू नये?

आमची मागणी

विद्यार्थ्यांसाठी फॉर्म बनवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेकडे, मग ते विद्यापीठ असो, कॉलेज असो की सरकारी खातं, आमच्या साध्या मागण्या आहेत.

पहिली : प्रत्येक बंद रकान्याखाली एक ओळ हवी. ‘ही माहिती आधारमधून, अमुक तारखेला घेतली आहे. दुरुस्तीसाठी इथे जा.’ एवढं पुरे.

दुसरी : त्याच ठिकाणी ‘ही माहिती चुकीची आहे’ असं बटण हवं. ते दाबलं म्हणून माहिती बदलू नये, पण हरकत नोंदवली जावी आणि फॉर्म तात्पुरता स्वीकारला जावा. दुरुस्तीचा पुरावा कागदपत्र पडताळणीपर्यंत द्यायची मुभा असावी.

तिसरी : मोबाइल नंबर आणि ईमेल यांसाठी ओटीपीशिवायचा एक मार्ग हवा. समोर जाऊन ओळख पटवायची लागली तरी चालेल, पण मार्ग हवा.

चौथी : जी माहिती विद्यार्थ्याला बदलता येत नाही, ती शेवटच्या प्रतिज्ञेतून वेगळी काढा. आम्ही लिहिलं त्याची जबाबदारी आमची. तुम्ही आणलंत त्याची तुमची.

यावर अधिकारी म्हणतील, असं बटण दिलं तर सगळेच ते दाबतील. दाबू देत. चुका आजही होतातच, फक्त त्या खिडकीसमोरच्या रांगेत दिसतात, स्क्रीनवर नाही. आणि कुठल्या रकान्यावर किती हरकती आल्या हे मोजता आलं, तर मूळ नोंदीत गडबड कुठे आहे तेही कळेल. शिवाय यात नवीन काहीच नाही. प्रवेशाच्या कॅप फेऱ्यांमध्ये आधी तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, हरकतींसाठी मुदत मिळते आणि मग अंतिम यादी येते. यादीला जे तत्त्व लागू आहे, तेच रकान्याला लावा.

कायद्याची दिशाही हीच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि ती अद्ययावत करून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं होतेय. पण हक्क कागदावर आला आणि स्क्रीनवर बटणच नसेल, तर तो वापरायचा कसा?

तोवर तुम्ही

फॉर्म सुधारेपर्यंत थोडी खबरदारी आपल्याच हातात आहे. प्रवेशाची धावपळ सुरू होण्याआधी, एखाद्या निवांत रविवारी आधार, दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा. नावातलं अक्षर न् अक्षर जुळवा, इंग्रजीही आणि मराठीही. फरक दिसला तर आधी ठरवा, की कुठला कागद मूळ धरायचा. मगच दुरुस्तीला हात घाला, कारण काही दुरुस्त्या मोजूनच मिळतात. फॉर्ममध्ये चूक दिसली तर तारखेसह स्क्रीनशॉट काढा आणि हेल्पलाइनला फोन करून थांबू नका, ईमेल पाठवा. ‘आम्ही मुदतीत कळवलं होतं’ हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी लेखी असायला हवं. आणि धाकट्या भावंडांची कागदपत्रं आत्ताच बघून ठेवा. आठवीत असतानाची दुरुस्ती शाळेतच होऊन जाते.

आणि कॉलेजच्या पुढच्या फॉर्ममध्ये राखाडी रकाना दिसला, तर ऑफिसमध्ये जाऊन शांतपणे विचारा : ‘सर, मॅडम, हे कुठून आलंय, आणि चुकलं असेल तर कुणाला भेटायचं?’ उत्तर कुणालाच देता आलं नाही, तर प्राचार्यांना अर्ज द्या, विद्यार्थी प्रतिनिधींना तो विषय बैठकीत मांडायला लावा. आपल्या कॉलेजचा फॉर्म तरी आपण सुधारून घेऊ शकतो. सुरुवातीला एवढं पुष्कळ आहे.